कुळाची वाट विणून देणारा पूर्व भागातला कारखाना

सोलापुरात वॉल हँगिंग विणणारे पुष्कळ आहेत. गणपती, सिद्धेश्वराचं तळं, मोर, धावते घोडे हे तर तयारच मिळतं. फोटो दिला तर आठ-दहा दिवसांत आपल्या माणसाचा चेहराही विणून देतात. मी ज्या कारखान्याबद्दल लिहितेय तिथे आम्हाला तीन महिने लागले. दोन नमुने बाद झाले, दिलेली तारीख चुकली, बिल मागून घ्यावं लागलं. तरीही घराण्याची हकीकत कापडात उतरवून घ्यायची आहे, कुठे जाऊ, असं कुणी विचारलं तर मी याच गल्लीत पाठवेन. का, ते सांगायला जरा वेळ लागेल.

काम माझं नव्हतं. माझ्या वरच्या खोलीत दोन वर्षं नायजेरियातल्या इबादान शहरचा एक मुलगा भाड्याने राहत होता, इथल्या एका कॉलेजात फार्मसी शिकायला आलेला. आजोबा गेल्यावर महिन्याभरात जन्मला म्हणून घरच्यांनी नाव ठेवलं बाबातुंडे. योरुबा, म्हणजे त्याच्या समाजाचे लोक, हे नाव असंच ठेवतात, ‘वडील परत आले’ असा त्याचा अर्थ. ‘बाबा’ म्हणजे त्यांच्यातही वडीलच. त्यामुळे आमच्या वाड्यात पहिल्या आठवड्यातच तो सगळ्यांचा बाबा झाला, आणि मी त्याची ‘इया’, म्हणजे आई. शेंगाचटणी त्याला इतकी आवडली की कडक भाकरीचा चुरा करून तो दोन्ही वेळा तेच खायचा.

दुसऱ्या वर्षी तिकडे त्याची आजी गेली. याला जाता आलं नाही. त्याच्या फोनमध्ये तिच्या आवाजातलं चार मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं, ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ती ओरिकी म्हणत होती. ओरिकी म्हणजे स्तुती. प्रत्येक माणसाला स्वतःची असते आणि कुळाची वेगळी असते. कुळाच्या ओरिकीत आपलं मूळ गाव, तिथल्या लोकांची ख्याती, घरात काय चालतं आणि काय वर्ज्य, हे सगळं तुकड्यातुकड्यांनी येतं. आधी हे झालं मग ते झालं, असं ती सांगत नाही. ऐकणारा घरचाच आहे असं धरून एक ओळ गावाची येते, दुसरी पूर्वजाची, तिसरी लढाईची. सकाळी पोराला उठवताना आई-आजी ती म्हणतात, लग्नात म्हणतात, मयतीला म्हणतात. आणि मुख्य म्हणजे ती बायकांच्या तोंडी असते. लग्न होऊन आलेली सून सासरच्या कुळाची ओरिकी शिकते आणि पुढे नातवंडांना तीच ऐकवते. घराण्याची वाट तिकडे सुनांनी जपलेली आहे.

हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसले होते. आमच्या सासरी एक वंशावळ आहे, सासऱ्यांनी मोडीतून बाळबोधीत उतरवून घेतलेली. सात पिढ्यांची नावं आहेत तिच्यात. बाई एकही नाही. सासूबाईंचंही नाव नाही, माझं तर नाहीच.

बाबाला परत जाताना ती ओरिकी कापडात विणून न्यायची होती. कुळ कुठून निघालं आणि कुठे आलं, त्याचं चित्र. सोलापुरात राहून जायचं आणि हे करायचं नाही, हे त्याला पटत नव्हतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी मागांच्या सुट्या भागांच्या दुकानात हिशेब लिहिते, तिने या मास्तरांकडे नेलं.

कारखाना पूर्व भागात आहे, अशोक चौकाच्या मागच्या गल्ल्यांत. चार यंत्रमाग, त्यांतल्या दोनांवर जेकार्ड, म्हणजे चित्र विणायची जोडणी. दाराला पाटी नाही, आणि ‘नाव टाकू नका बाई, आहे तेच काम दोन महिने पुढं आहे’ असं मास्तरांनी स्पष्ट सांगितल्यामुळे नाव लिहीत नाही. त्या गल्लीत शिरून ‘घोडा विणणारे मास्तर कुठं?’ असं विचारलं की कुणीही दाखवतं. मास्तर सत्तरीचे आहेत, घरात तेलुगू, बाहेर मराठी.

पहिल्या भेटीत आत शिरताच बाबा मास्तरांसमोर पोटावर आडवा झाला. छाती जमिनीला टेकवून, हात बाजूला. कामगार माग सोडून बघत राहिले. योरुबांत वडीलधाऱ्याला पुरुषाने असाच नमस्कार करायचा असतो, त्याला दोबाले म्हणतात. बायका गुडघे टेकतात. माझ्या घरी पहिल्या दिवशी त्याने हेच केलं होतं, तेव्हा मीही घाबरले होते. मास्तर मात्र घाबरले नाहीत. ‘अरे, हा तर साष्टांग घालतोय की ओ,’ म्हणत त्याला दोन्ही खांद्यांना धरून उठवलं आणि स्टुलावर बसवलं. पंढरपूरच्या वाटेवर लोटांगणं बघितलेल्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं.

मग रेकॉर्डिंग ऐकवायचं होतं. मागांच्या खटखटीत काही ऐकू येईना. मास्तरांनी चारही माग बंद करायला लावले. पीस-रेटवर, म्हणजे नगावर मजुरी देऊन काम चालणाऱ्या कारखान्यात चार मिनिटं माग बंद म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगायला नको. त्या शांततेत आजीचा आवाज घुमला. योरुबा भाषेत स्वराच्या उंचीने अर्थ बदलतो, त्यामुळे बोलणंच गाण्यासारखं वर-खाली होतं. त्यांचा डुंडुन नावाचा ढोल तोच चढउतार वाजवून शब्दांशिवाय ओरिकी ‘बोलतो’. संपल्यावर मास्तर म्हणाले, आमच्यात पण होतं हे. कूनपुली यायचे तेलंगणातून, लांब कापडावरचं चित्र उलगडत उलगडत मार्कंडेय पुराण सांगायचे, आम्हा पद्मशाली विणकरांचं कुळ सांगायचे. भावनाऋषींनी कमळाच्या देठातल्या तंतूंचं कापड देवांसाठी कसं विणलं, ते त्यांच्याकडून ऐकलेलं. लहानपणी पाहिलंय म्हणाले, आता कुणी येत नाही.

तिथेच मला वाटलं, माणूस बरोबर मिळाला.

आता ती वाट. हे मी थोडं सविस्तर सांगते, कारण मास्तरांनी जे केलं ते त्याशिवाय कळणार नाही. आणि चाळीस वर्षं भूगोल शिकवल्यामुळे नकाशा समोर घेतल्याशिवाय मला बोलताच येत नाही.

सगळ्या योरुबांचं मूळ इले-इफे. आजीच्या सांगण्याप्रमाणे खाली सगळं पाणीच होतं. ओदुदुवा आकाशातून साखळीला धरून उतरला. बरोबर मूठभर माती, एक ताडबी आणि पाच बोटांचा कोंबडा. माती पाण्यावर टाकली, कोंबड्याने ती पायाने उकरून चहूकडे पसरली आणि जमीन झाली. ही झाली कुळाची गोष्ट. पण इफे हे जुनं नगर होतं हे जमिनीनेच सांगितलेलं आहे: १९३८ साली तिथे घराच्या पायासाठी खणताना धातूची ओतीव डोकी निघाली, राजांच्या चेहऱ्याची, इतकी जिवंत की बघणारा दचकावा. इफेची ही कला साधारण १२व्या ते १५व्या शतकातली मानतात. गावात साडेपाच मीटरच्या आसपास उंचीचा एक दगडी खांब उभा आहे, तो ओरानमियानचा दंड म्हणतात. हा ओरानमियान इफेतून उत्तरेला गेला आणि त्याने ओयोचं राज्य उभारलं, असं परंपरा सांगते.

ओयोची जुनी राजधानी ओयो-इले, उत्तरेकडच्या माळरानात. तिथे घोडदळ होतं, त्यावर साम्राज्य चाललं. दक्षिणेच्या दाट जंगलात त्सेत्से माशी घोड्यांना जगू देत नाही, म्हणून ओयोचं बळ माळावरच. बाबाच्या कुळाचा पूर्वज ओयोहून ओफा या गावी आला. ओफा म्हणजे बाण; ओयोच्या राजघराण्यातल्या एका तिरंदाज शिकाऱ्याने ते गाव वसवलं, असं तिथले लोक सांगतात. आणि ओफाच्या ओरिकीतली सगळ्यांना तोंडपाठ असलेली ओळ आहे: कुस्ती हा ओफाचा कुळाचार. हे मी मराठीत सांगितलं तेव्हा मागावरचा एक तरुण कामगार, जो पहाटे तालमीत जातो, काम सोडून आमच्यात येऊन उभा राहिला.

पुढची हकीकत दुःखाची आहे. १८१७च्या सुमारास ओयोचा सेनापती अफोंजा इलोरिनमध्ये राजाविरुद्ध उठला, त्याने उत्तरेकडच्या फुलानी समाजातल्या अलिमी या मौलवीची मदत घेतली, आणि काही वर्षांत अफोंजाच मारला जाऊन इलोरिन फुलान्यांच्या सोकोटो खिलाफतीखाली गेलं. ओयोचं राज्य कोसळत गेलं. १८३०च्या दशकात ओयो-इले रिकामं झालं. राजा अतिबाने सुमारे १३० किलोमीटर दक्षिणेला, जंगलाच्या कडेशी नवं ओयो वसवलं. जुनं नगर आज एका राष्ट्रीय उद्यानाच्या आत पडीक आहे. लाखो माणसं दक्षिणेकडे सरकली. १८२९च्या सुमाराला इबादान ही नुसती लढवय्यांची छावणी होती, तिचं शहर झालं. १८३० मध्ये एग्बा योरुबांनी ओलुमो खडकाच्या आडोशाला आबेओकुटा वसवलं. या पळापळीत धरली गेलेली माणसं लागोस आणि बदाग्रीच्या किनाऱ्यावरून विकली गेली, ब्राझीलला, क्यूबाला. काही जहाजं इंग्रजी आरमाराने अडवून माणसांना सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला उतरवलं. पुढे बिशप झालेले सॅम्युएल अजायी क्राउदर हे अशाच मुलांपैकी एक: १८२१ मध्ये गावातून पकडलेला, १८२२ मध्ये सुटलेला.

ओफा मात्र टिकलं होतं. मग १८७७ साली इबादान आणि पूर्वेकडच्या एकिती योरुबांच्या आघाडीत किरिजीचं युद्ध पेटलं. किरिजी हा तोफांचा आवाज, त्यावरून नाव पडलं. ते रेंगाळत सोळा वर्षं चाललं. ओफा इबादानच्या बाजूने राहिलं म्हणून इलोरिनच्या फौजेने गावाला वेढा घातला. गाव पडलं, माणसं दक्षिणेला पळाली. बाबाच्या पणजोबांचे वडील तेव्हा लहान होते. आईच्या पाठीवर बांधलेले इबादानला आले.

१८७७ म्हटल्यावर मी थांबले. तेच वर्ष सोलापूरच्या जुन्या कापडगिरणीचं. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ चालू होता आणि माझ्या सासरच्यांचे पूर्वज मंगळवेढ्याकडची कोरडी जमीन सोडून त्याच गिरणीच्या भोंग्याला आले होते. मास्तरांचे आजोबा नंतर आले, डोक्यावर मागाचं सामान घेऊन. कुठून? ‘तिकडून,’ असं म्हणायचे म्हणे ते, आणि पूर्वेकडे हात करायचे. वारंगळ की करीमनगर, कुणी विचारून ठेवलं नाही.

आता काम. पहिला नमुना तयार झाला, तो डिझाइन करणाऱ्या मुलाने संगणकावर बनवलेला. त्यात लाल सूर्यास्त होता, छत्रीसारखं पसरलेलं झाड होतं आणि एक सिंह. मुलाने ‘आफ्रिका’ म्हणून जे मिळालं ते घेतलं होतं. त्याची कष्टाची तयारी होती, त्याला माहिती नव्हती. बाबा सौजन्याने काहीच बोलेना. मास्तरांनी कापड उलटंपालटं केलं आणि मला विचारलं, ‘बाई, आजी बोलत होती त्यात सिंह होता का?’ नव्हता. घोडा होता, बाण होता, कुस्ती होती, कोंबडा होता. ‘मग हा कुणाचा सिंह?’ म्हणून त्यांनी तो नमुना बाजूला ठेवला. त्याचे पैसे लावले नाहीत.

दुसऱ्या नमुन्यात चित्रं बरोबर आली, गावांचा क्रमही. साखळी वरून खाली, मग घोडा, मग बाण आणि एकमेकांना भिडलेले दोन मल्ल, खाली इबादानच्या टेकड्या आणि गंजलेल्या पत्र्यांची छपरं. पण दोन चुका. कोंबड्याला चार बोटं. कोंबड्याला चारच असतात हे खरं, पण गोष्टीतल्या कोंबड्याला पाच आहेत आणि पाच नसतील तर ती गोष्ट या कुळाची राहत नाही. दुसरी चूक टिंबाची. योरुबा रोमन लिपीत लिहितात, पण काही अक्षरांखाली टिंब द्यावं लागतं. इफेच्या शेवटच्या स्वराखाली ते आहे. टिंब गेलं की तो शब्द पेला होतो. शेत आणि नवरा या दोन शब्दांतही मुख्य फरक टिंबांचाच. नमुन्यात टिंबं गायब होती.

इथे मास्तरांनी जे केलं त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. टिंब का गेलं ते त्यांनी आम्हाला दाखवलं. जेकार्डमध्ये प्रत्येक ताणा, म्हणजे उभा धागा, वेगळा उचलता येतो, म्हणून चित्र विणता येतं. चित्राचा प्रत्येक चौकोन म्हणजे एक ताणा आणि एक बाणा, म्हणजे आडवा धागा, जिथे एकमेकांवर येतात ती जागा. अक्षर ज्या मापात बसवलं होतं त्यात टिंबाला एकच चौकोन आला होता. एका धाग्याचं टिंब शेजारच्या धाग्यांत दबून जातं, फणीच्या ठोक्याखाली दिसेनासं होतं. टिंब राहायचं तर ताण्याचे तीन आणि बाण्याचे तीन धागे लागतात. म्हणजे अक्षरंच मोठी करायला हवीत. अक्षरं मोठी केली तर टेकड्यांवरची अर्धी छपरं जातात. मास्तर म्हणाले, छपरं जाऊ दे. मुलाला बसवून पूर्ण फाईल परत करायला लावली. भिंतीवर लावल्यावर लांबून कुणाला टिंब दिसणार, असं आम्हीच म्हणालो असतो तरी चाललं असतं. ते म्हणाले नाहीत.

आणखी एक पेच होता तो वेगळाच. बाबाचे एक काका हाजी आहेत. योरुबा घरांत मुसलमान आणि ख्रिस्ती एकाच छपराखाली असणं अगदी नेहमीचं. या काकांच्या मते साखळी वगैरे काही नाही, ओदुदुवा पूर्वेकडून, मक्केहून आला. ही दुसरी कथाही तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. घरात यावरून ईदलाही वाद होतो आणि ख्रिसमसलाही. कापड सहा घरांत लागणार होतं, काकांच्या घरातही. मी म्हटलं, आजीची गोष्ट आहे, साखळीच ठेवा. मास्तरांनी वेगळं सुचवलं. साखळी वरच्या काठातून उतरते, ती तशीच. उजव्या काठातून, पूर्वेच्या बाजूने, सोनेरी धाग्याची एक बारीक वाट आत येते. दोन्ही इफेच्या नावापाशी मिळतात. पुढची वाट एकच. काकांना फोनवर फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, त्यात फक्त किती प्रती येणार एवढंच विचारलं होतं.

काठ आडव्या चार-चार रेघांचा आहे. या रेघा आजोबांच्या गालांवरच्या. अबाजा म्हणतात त्या खुणांना. लहानपणी कातडी चिरून करत, कुणाचं पोर कोणत्या गावचं, कोणत्या घरचं ते ओळखू यावं म्हणून. युद्धाच्या काळात हरवलेल्या माणसाला त्यावरून ओळखत. आता फारसं कुणी करत नाही, आणि मुलांच्या अंगावर अशा खुणा करायला नायजेरियाच्या २००३च्या बालहक्क कायद्याने बंदी आहे. बाबाच्या गालावर नाहीत. कापडाच्या काठावर आहेत.

रंगांची बोलणी मला फार आवडली. योरुबांचं स्वतःचं हातमागाचं कापड आहे, अशो-ओके. पुरुष अरुंद मागावर चार इंच पन्ह्याच्या लांबच लांब पट्ट्या विणतात आणि त्या काठाला काठ शिवून अंगभर कापड करतात. चार इंच पन्हा म्हटल्यावर मास्तरांनी बोटांनी माप घेऊन पाहिलं आणि तो माग कसा असेल, ताणा किती लांब पसरत असतील, हे अर्धा तास विचारत राहिले. बाबाला जेवढं माहीत होतं तेवढं त्याने सांगितलं: विणकरापासून दूर, समोर एका ओझ्याला बांधलेला ताणा, विणत जाईल तसं ते ओझं सरकत जवळ येतं. त्या कापडाचे तीन मानाचे रंग म्हणजे रानटी रेशमाचा मातकट सान्यान, लालभडक अलारी आणि जवळजवळ काळा वाटावा असा निळीचा एतु. मास्तरांनी तेच तीन रंग मुख्य धरले. निळा मिळेना. बाजारात होता तो ‘शाळेच्या युनिफॉर्मचा’, असं तेच म्हणाले. शेवटी सूत रंगवून घेतलं. रंग सुटतो का, हे ओला पांढरा रुमाल दाबून माझ्यासमोर दाखवलं.

आणि एक धागा. आजीच्या ओरिकीत एका ओळीत एवढंच येतं की थोरला पाण्याकडे गेला. ओयो मोडलं त्या काळात घरातला थोरला मुलगा वाटेवर पकडला गेला, पुढे काय झालं ते कुणालाच माहीत नाही. तो फ्रीटाउनला उतरला असेल, ब्राझीलला असेल किंवा वाटेतच गेला असेल. आजी ती ओळ म्हणताना आवाज खाली आणते, रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. चित्रात हे कसं दाखवायचं? मास्तरांनी घोड्यापासून डाव्या काठाकडे जाणारी एक निळी रेघ विणली, आणि काठाशी ती इतर धाग्यांसारखी कापली नाही. कापडाबाहेर वीतभर निळा धागा लोंबता सोडला. सहाही प्रतींत स्वतः हाताने गाठ मारून. कच्चं काम राहिलं असं समजून कुणी कापेल, म्हणून मागच्या अस्तरावर ‘हा धागा कापू नये’ असं लिहिलेली चिंधी शिवली. ते बाबाने इंग्रजीत आणि योरुबात लिहून दिलं, मास्तरांच्या सुनेने दोऱ्याने काढलं.

तळाशी डावीकडे एक बाई बसलेली आहे, पाठमोरं पोर मांडीवर. वाट तिच्या तोंडापाशी संपते. ही बाबाची सूचना. माझं त्यात काही नाही, पण ते पाहिल्यावर मला रडू आलं, हे लिहून ठेवते.

आता व्यवहाराचं. ३० बाय ४५ इंच माप. डिझाइनचे ६,००० रुपये, एका प्रतीचे १,८५० रुपये, आणि सहापेक्षा कमी प्रती घेत नाहीत, कारण एका नगासाठी बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, जोडणं परवडत नाही. एकूण १७,१०० रुपये झाले. ८,००० आगाऊ. एकाच प्रतीची गरज असेल तर भाऊबंदांना आधी तयार करा आणि मगच जा. दिवाळीनंतर काम दिलं, संक्रांतीआधी देतो म्हणाले होते. गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीला निम्मे कामगार गेले, वीज दोनदा दिवसभर गेली, आणि माल मिळाला ११ फेब्रुवारीला. बाबाचं विमान १९ला होतं. ते चार आठवडे मी शांत नव्हते. तारखेचं काम असेल तर दीड महिना हातचा ठेवूनच जा. फोन ते उचलत नाहीत, मागाजवळ ऐकूच येत नाही; समक्ष जावं लागतं, सकाळी अकराच्या आत. बिल मागावं लागतं. माल घड्या घालून दिला होता आणि घडीची रेघ वाफेच्या इस्त्रीनेही पूर्ण गेली नाही, म्हणून पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून मागा. नळी आपण नेली तर उत्तम. वरचा दांडा आणि दोरी मिळत नाही.

बोलताना मास्तर आधी बरंच ऐकून घेतात, मग एकच प्रश्न विचारतात. घाई असलेल्या माणसाला हे जड जाईल. पण नुसता फोटो घेऊन जाणाऱ्याला ते स्वतःच दुसरीकडे पाठवतात, तेवढा प्रामाणिकपणा आहे.

निघायच्या आदल्या दिवशी बाबा पुन्हा तिथे जाऊन आला. पुन्हा आडवा झाला, मास्तरांनी पुन्हा उठवलं. मास्तरांनी त्याला विचारलं होतं, तुमच्याकडे गाव माहीत नसलेल्याने काय म्हणायचं? तो म्हणाला, आजीला विचारायचं. मास्तरांची आजी जाऊन पन्नास वर्षं झाली. पण त्यांची एक आत्या तेलंगणात सिरसिल्ल्याला आहे, नव्वदीची. मार्चमध्ये ते तिच्याकडे जाऊन आले.

मीही काम टाकलं आहे. २,००० रुपये आगाऊ दिले, माझा नंबर आषाढीनंतर लागेल. चित्र काय हवं ते मी सांगायला लागले, मंगळवेढं, दुष्काळ, गिरणीची चिमणी, तर मास्तर म्हणाले, ते होईल, आधी चार पिढ्यांतल्या सुनांची नावं आणि माहेरची गावं लिहून आणा. तीन मिळाली आहेत. सासूबाई करमाळ्याच्या, त्यांच्या सासूबाई सांगोल्याच्या, त्यांच्याही वरच्या अक्कलकोटच्या होत्या असं नणंद म्हणते. दुष्काळात चालत आलेली जी होती, तिचं नाव अजून कुणाला आठवत नाही. मंगळवेढ्याला दूरच्या एका चुलत सासूबाई आहेत, रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे.